काकूंचा उंबरा

"बूट काढा, मालक. दोघांनीही."

काकू दारात हात पसरून उभ्या होत्या. पोल्ट्रीच्या दाराला गुडघाभर उंचीची एक आडवी फळी त्यांनी स्वतः ठोकून घेतली होती. बाहेरचे बूट बाहेर काढायचे, फळीवर बसायचं, पाय आत टाकायचे आणि आतले पांढरे गमबूट चढवायचे. सगळे हसायचे. फळीचं नावच पडलं होतं, काकूंचा उंबरा.

मालकांबरोबर अंड्यांचा मोठा व्यापारी होता. दोघं नुकतेच तळ्याकाठी फेरफटका मारून आले होते.

"काकू, पाहुण्यांसमोर तमाशा नको. दोन मिनिटांचं काम आहे."

"रोगाला दोन मिनिटं रगड झाली."

"अहो, माझ्याच शेडमध्ये मला अडवता?"

"कोंबड्या तुमच्या, मालक. उंबरा माझा."

व्यापारी खो खो हसला आणि मालकांचे कान लाल झाले. "मग उंबरा घेऊनच घरी बसा! सोमवारपासून दुसरी बाई बघतो," असं म्हणत ते पाहुण्याला घेऊन तणतणत परत फिरले.

पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण दारात उभं करणार? पण दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत काकूंनी हात खाली घेतले नाहीत.

त्याला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पोल्ट्रीवर त्यांना कुंपणाशी आखडलेलं रानबदक सापडलं. काळीज पाघळलं. शालीत गुंडाळून त्यांनी ते आत नेलं आणि पिल्लांच्या दिव्याखाली उबेला ठेवलं. बदक सकाळपर्यंत गेलं. पंधरवड्यात सगळ्या कोंबड्या खड्ड्यात आणि वर चुना. लोक म्हणाले, नशीब! नशीब कसलं डोंबलाचं? रोग कुणाच्या शालीतून आत गेला, ते काकूंना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून इथे आल्यावर त्यांनी जाळीची भोकं शिवली, सांडलेला दाणा रोजच्या रोज झाडला, तळ्याचं पाणी बंद करून विहिरीचं सुरू केलं. आणि ही फळी ठोकली.

मालक तणतणत गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तळ्यावर सात रानबदकं मेलेली आढळली. गुरांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी कोंबड्यांचे नमुने घेतले, फळीच्या आतली फरशी बोळ्याने पुसून तिचाही नमुना घेतला आणि बाहेर मालकांच्या बुटांचा चिखल पडला होता, तोही वेगळ्या कुपीत घेतला. मालक तीन दिवस धड जेवले नाहीत. आठ हजार कोंबड्यांचा प्रश्न होता.

सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. "बाहेरच्या चिखलात रोग सापडलाय. आत मात्र काही नाही. एकाही कोंबडीत नाही! बाहेर औषध मारून घ्या, आणखी तीन आठवडे तपासत राहू. पण ही फळी कुणाच्या डोक्यातून आली हो?"

मालकांनी खाली बघत काकूंकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर ते मुकाट फळीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. काकूंना राहवलं नाही. "मालक, एकदा मीच तो रोग आत नेला होता," म्हणत त्यांनी बदकाची सगळी गोष्ट सांगून टाकली.

मालकांनी दुसराही बूट काढून फळीबाहेर ठेवला. मग म्हणाले, "ती दुसरी बाई आली होती का?"

"सकाळीच आली. फळीवर कसं बसायचं ते शिकवलं तिला."

"मग आता दोघी राहा. आणि काकू, मी आत येऊ का?"

"या की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पांढरे गमबूट त्यांच्यापुढे सरकवले.

दोघं आत शिरताच आठ हजार कोंबड्यांनी एकच कालवा केला. एरवी काकू खेकसायच्या, "गप बसा गं, कैदाशिणींनो!" त्या जुन्या पोल्ट्रीवर चुना पडल्यानंतर जी शांतता झाली होती, ती आठ वर्षं त्यांच्या कानात बसली होती. आज ती कुठे ऐकूच येईना.

"ओरडा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "खुशाल ओरडा."