पाठीवरचा डबा

मेहरूणचा तलाव काठावरून पाहिला तर काहीच वाटत नाही. म्हशी डुंबतात, बाया धुणं धुतात, संध्याकाळी लोक दाणे खात फिरतात. पण पोटावर आडवं होऊन त्याच्या मध्यावर पोचलं की खाली नुसतं काळं असतं. मी पोचले होते म्हणून सांगते.

त्या रविवारी तलाव आडवा पार करायचा होता. जो पार करील त्याचं नाव देवपूरच्या स्पर्धेला जाणार. अट एकच: होडीला, बांबूला, माणसाला, कशालाही हात लागला की बाद. हे सुकदेव सरांनी सांगितलं. सर आम्हाला शाळेत कवायत आणि टँकवर पोहणं शिकवायचे. आईची अट मात्र वेगळी होती. एकदा जरी तुला पाण्यातून काढावं लागलं तर पुन्हा पाण्यात पाय नाही, शिवणाचा क्लास लावू. आणि झिपरू नाना होडीत असतील तरच जायचं.

झिपरू नाना म्हणजे माझ्या बाबांचे काका. धुळ्याच्या पलीकडे पांझरेकाठी आमचं गाव, तिथल्या विहिरीवर अर्ध्या गावाला त्यांनीच पोहायला शिकवलं. पद्धत ठरलेली. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तोंडाला डाख देऊन बंद करायचा, पोराच्या पाठीवर दोरीने बांधायचा आणि पोराला वरून ढकलायचं. मग काठावर उकिडवं बसून ओरडत राहायचं, डोकं वर धर, डोकं वर धर. विहिरीत तेवढंच खरं. डोकं दिसतंय तोवर पोर ठीक आहे, दिसेनासं झालं की उडी टाकायची.

माझा डबा माझ्या मानाने फारच मोठा होता. सारखा मानेकडे सरकायचा. म्हणून मी खांदे पुढे ओढून, पाठीला पोक काढून त्याला जागेवर धरून ठेवायची. पुढे डबा सुटला, पोक राहिलं. आठवीत मी एकदम वाढले, वर्गातल्या पोरांच्याही वर गेले, तेव्हा तर ते पोक लपायला बरंच पडलं.

सरांनी टँकवर पहिल्या दिवशी आम्हाला पाण्यात सोडलंच नाही. भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकलं पाहिजे. माझं डोकं टेकेचना. मान पुढे, हनुवटी वर. सर बाजूने बघत म्हणाले, "विहिरीवर शिकलीस ना? डबा अजून पाठीवरच आहे तुझ्या."

झालं. सगळा टँक हसला आणि माझं नाव 'डबा' पडलं.

पण सरांनी समजावूनही सांगितलं. जमिनीवर जशी पाठ, तशीच पाण्यात. खांदे पुढे गोळा केले की हात पुरता लांब जात नाही, वल्ह्यासारखा न पडता चमच्यासारखा पडतो. आणि डोकं वर काढलं की पाय खाली जातात. "मग तू पोहत नाहीस, पाण्यात जिना चढतेस," सर म्हणाले. अंगात कितीही जोर असला तरी तो त्या जिन्यातच संपतो.

मग मी रोज घरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, नाना खाटेवरून बघत असायचे. आई म्हणायची, चौकट पडतेय का, धरून का ठेवलीस? एक दिवस डोकं टेकलं. त्या दिवशी शाळेत ताठ चालत गेले तर एका पोराने विचारलं, वर हवा कशी आहे. मी म्हटलं, मस्त, ये की. असं उत्तर मी आधी कधी दिलं नव्हतं.

तर तलाव. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. चेहरा पाण्यात, मान लांब, श्वासाला तोंड फक्त बाजूला. होडी माझ्या डाव्या हाताला होती. ती वना नावाचा मासेमारी करणारा माणूस वल्हवत होता आणि पुढे नाना, हातात लांब बांबू घेऊन.

मध्यावर खालचं हिरवं संपलं आणि काळं सुरू झालं. टँकमध्ये खाली फरशी दिसते. इथे काही दिसत नव्हतं, आणि काही दिसलं तर काय, याचीच भीती जास्त. तेवढ्यात नानांचा आवाज आला, "डोकं वर धर वं माय!"

मी धरलं. लहानपणापासूनची सवय, तो आवाज आला की मान आपोआप वर. आणि मान वर गेली तसे पाय खाली गेले, अन् खाली शेवाळ होतं. लांब, गार, मऊ. एका घोट्याला गुंडाळलं. मी झटका दिला, दुसऱ्या पायाला लागलं. खांदे कानाशी आले, पाठीला पोक आलं, हात नुसते पाण्यावर आपटायला लागले. नाना ओरडतच होते. बांबूचं टोक माझ्या अगदी जवळ आलं. ते धरावं असं इतकं वाटलं की बोटं उघडली होती माझी.

मी जिना चढत होते. ते कळलं, तरी डोकं खाली घालवेना. त्या काळ्यात पुन्हा बघायचं? पण पाय तर त्याच काळ्यात लोंबत होते. डोळे मिटले आणि चौकट आठवली. टाचा, कंबर, खांदे, डोकं. चेहरा पाण्यात घातला. पाय वर आले. शेवाळ सुटलं.

पण नानांना काय दिसलं? पोरीचं डोकं गेलं.

वरून ओरडणं ऐकू आलं, "वना, पोर बुडनी!" आणि धप्पकन काहीतरी पाण्यात पडलं. श्वासाला तोंड वळवलं तर नाना माझ्याकडे येत होते. धोतरासकट. हनुवटी वर, मान ताठ, पाठीला हे एवढं पोक. जणू डबा अजून बांधलेलाच आहे.

त्यांनी हात लावला असता तर मी बाद होते. मी डोकं खाली घालून पळाले, म्हणजे पाण्यात जेवढं पळता येतं तेवढी. मागे त्यांच्या हातांची छपछप येत होती. मग ती हळू झाली. मग थांबली.

तेव्हा वाटली तशी भीती मला आधी कधीच वाटली नव्हती. मी वळले. नाना पाण्यात उभे झाले होते, तोंड आभाळाकडे, हात नुसते पाणी दाबत होते. शेवाळाने पाय धरले होते त्यांचे. होडी वळत होती, पण अजून लांब होती.

मी मागे गेले. देवपूर, आई, शिवणाचा क्लास, सगळं आठवत होतं, तरी गेले. हातभर अंतरावर थांबले आणि हात पुढे केला.

नानांनी हात उचलला. माझ्या बोटांपर्यंत आणला. आणि मागे ओढून घेतला.

"लावू नको," ते म्हणाले. तोंडात पाणी गेलं, खोकले. डोळे पांढरे झाले होते भीतीने. पुन्हा वर आले आणि म्हणाले, "डोकं खाले घाल. जाय."

मी हललेच नाही. वनाने पुढे केलेला बांबू आमच्या दोघांच्या मध्ये पाण्यावर आपटला, नानांनी तो दोन्ही हातांनी कवटाळला, वनाने ओढलं, तेव्हा कुठे मी डोकं खाली घातलं. खाली काळंच होतं. मी डोळे उघडे ठेवून त्याच्यावरून गेले. बोटांना चिखल लागला तेव्हा कळलं काठ आला. बसले तशीच चिखलात, आणि रडले. सरांनी नाव लिहिलं तरी रडतच होते.

घरी आईने नानांचं ओलं धोतर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं.

नाना खाटेवर बसले, कानातलं पाणी काढत म्हणाले, "पोरले काढनं पडनं नही. माले काढनं पडनं."

आई ओवा घालून तेल गरम करायला आत गेली. नाना उठले, चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि डोकं टेकतंय का ते बघू लागले.