टकळी मागे सरकत गेली

मित्रांनो, मी तिसरीच्या वर्गातला जुना फळा आहे. सुतारकाकांनी मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि भिंतीवर ठोकताना म्हणाले, "आता पोरं शिकतील यावर." तेव्हा मी केवढा फुशारलो होतो! आता मधोमध रंग उडालाय, पण नजर शाबूत आहे. मुलं मला बघतात, तसा मीही त्यांना बघतो.

यंदा एक मुलगी आली. तोंड म्हणून बंद नसायचं, म्हणून सगळे तिला टकळी म्हणू लागले. पाढे तोंडपाठ, गोष्टी तोंडपाठ. बसायची पहिल्या रांगेत.

आमच्या बाई वाईट नाहीत हो, पण त्यांची एक रीत आहे. दर चाचणीनंतर गुणांप्रमाणे जागा बदलायच्या. हुशार पुढे, कच्चे मागे. पहिल्या चाचणीत टकळीने माझ्यावरचा नऊ एक म्हणून उतरवला आणि ती दुसऱ्या रांगेत गेली. तिथून आणखी कमी दिसायचं, म्हणून आणखी चुका, म्हणून आणखी मागे. ती डोळे बारीक करायची, मान पुढे काढायची. सगळ्यांना असंच अंधुक दिसतं, असं तिला वाटायचं. आता ती पाचव्या रांगेत आहे आणि तिच्यामागे फक्त भिंत. हल्ली ती बोलतही नाही.

एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली, अगदी नाक टेकवून गणितं वाचली आणि सगळी बरोबर सोडवली. मला वाटलं, सुटली पोर! बाई आल्या, तिच्या नाकाला लागलेली पांढरी भुकटी बघून म्हणाल्या, "खडू खातेस का गं?" वहीतली गणितं त्यांना शेजारणीची बघून उतरवलेली वाटली.

गेल्या आठवड्यात तिच्या बाबांना बोलावलं होतं. ते टेम्पो चालवतात, घाईत होते. मुलीचं लक्षच नाही, असं बाईंनी सांगितलं. बाबा किल्ली चाळवत म्हणाले, "वार्षिकला नापास झाली तर घरीच बसवतो. धाकट्याला तरी सांभाळेल." टकळी दाराशी उभी राहून ऐकत होती.

उद्या वार्षिक परीक्षा. प्रश्न माझ्यावरच लिहितात. बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसून ठेवलंय, खडूही काढलेत.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तुमच्या वर्गात कुणी डोळे बारीक करून बघत असेल, तर आजच बाईंना सांगा. आमच्या वर्गात कुणी सांगितलेलं नाही. उद्या बाई अक्षर बारीक काढतील, कारण प्रश्न वीस आहेत आणि फळा एकच.