एकदाच दाबा

हेल्मीने प्रोग्राम पुन्हा डबीत चढवला आणि डबी टेबलावरून वडिलांकडे सरकवली.

“एकदाच दाबा, बाबा.”

आर्वोने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

“बघ! एकदाच दाबलं. तुझ्या प्रोग्रामचंच डोकं फिरलंय.”

एकट्या राहणाऱ्या वडिलांसाठी हेल्मीनेच ही डबी बनवली होती. एकदा दाबलं की हिरवा, म्हणजे ‘मी ठीक आहे’. लागोपाठ तीनदा दाबलं की लाल, म्हणजे ‘मदत पाठवा’. परवा अशाच खोट्या लाल दिव्यापायी गावातली स्वयंसेवक मंडळी बर्फ तुडवत दाराशी आली, तेव्हा आर्वो निवांत कॉफीत निसूचा गोड पाव बुडवून खात होता. तेव्हापासून हेल्मीच्या भावाने, डेलने, एकच धोशा लावला होता: डबी धड चालत नसेल तर बाबांना मार्केट शहरातल्या वृद्धाश्रमात हलवायचं.

हेल्मीच्या नाकी नऊ आले होते. बटणातल्या पत्र्या टेकताना क्षणभर थरथरतात आणि चिपला ते अनेकदा दाबल्यासारखं वाटतं, हे तिच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून प्रोग्रामने थोडं थांबायचं असतं. तिने थांबणं वाढवलं, बटण बदललं, स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. दिवा लालच.

शेवटी तिने डबीला तारा जोडून पडद्यावर बटणाच्या दाबाची रेघ लावली. स्वतः दाबलं. बारीकशी थरथर, मग सरळ रेघ.

“आता तुम्ही.”

तीच बारीक थरथर आली आणि विरली. मग रेघ खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. सावकाश, रुंद. पत्र्या एवढा वेळ थरथरत नाहीत. हेल्मीने पडद्यावरून नजर काढून वडिलांच्या बोटाकडे पाहिलं. आर्वोने हात टेबलाखाली घेतला.

“थंडीने होतं.”

शेगडी धडधडून पेटली होती.

“कधीपासून?”

“यंदा हरणांच्या शिकारीला गेलो नाही ना, तेव्हापासून.”

“गुडघा दुखतोय म्हणाला होतात!”

“गुडघ्यापायी कोणी घराबाहेर काढत नाही.”

तेवढ्यात डेलचा फोन आला.

“काय, चालतंय का तुझं खेळणं?”

आर्वो शेगडीकडे बघत बसला.

“चूक माझीच होती,” हेल्मी म्हणाली. “होतंय आता नीट.”

फोन ठेवून तिने प्रोग्रामचं थांबणं इतकं वाढवलं, की बोट कितीही हललं तरी एकदाच मोजलं जावं. आर्वोने दाबलं. हिरवा. तो पोरासारखा हसला.

“आणि खरंच पडलो तर? तीनदा दाबलं तरी हा हिरवाच दाखवणार.”

तेही खरंच होतं. तिने नवा नियम घातला: मदत हवी तर दाबून धरायचं. आर्वोने दाबून धरलं. बोट सुटलं. हिरवा. ओठ आवळून पुन्हा दाबलं. हिरवाच.

हेल्मीने त्याच्या हातावर हात ठेवून बोट घट्ट धरलं. लाल दिवा लागला.

“लागला की!” आर्वो म्हणाला.

हेल्मीने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने डेलला परत फोन लावला.