एंटरपाशी अडलेली ओळ

मी पीएचपी या संगणकभाषेतली एक ओळ बोलतेय. मजकुरातून हवा तेवढा भाग शोधून काढणं हे माझं काम; संगणकवाले मला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कंस, तिरप्या रेघा, एक बिंदू, एक तारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कीबोर्डवरून मांजर चालत गेलं.

घरी मार खाणाऱ्या बायका एकमेकींना जिथे लिहितात, त्या संकेतस्थळासाठी माझा जन्म झाला. ते चालवणाऱ्या वकीलबाईंच्या धाकट्या बहिणीनं मला लिहिलं. काही मजकूर जिच्यासाठी असेल तिलाच दिसावा, म्हणून तिनं [गुप्त] आणि [/गुप्त] अशा दोन खुणा ठरवल्या. मधलं सगळं मी उचलायचं, जिचं तिला पोचवायचं आणि पानावर नुसती रेघ ठेवायची.

सुरुवातीला मी हावरट होते. पहिल्या खुणेपासून पानावरच्या अगदी शेवटच्या खुणेपर्यंत दिसेल ते गिळायची. एक प्रश्नचिन्ह लावून धाकटीनं मला लगाम घातला.

काय काय वाचलं म्हणून सांगू! पाठीवर टेकवलेला तवा, दारात चेंगरलेली बोटं, गळ्याभोवती आवळलेली चार्जरची वायर. आणि त्याखालीच, ‘तसे ते स्वभावानं चांगले आहेत.’

त्यांच्यात एक शिवणकाम करणारी होती. नवऱ्यानं दात पाडले, तशी ती मोठ्या बहिणीच्या नव्या घरी पळाली; ते घर नवऱ्याला ठाऊक नव्हतं. सकाळी तिनं वकीलबाईंना गुप्त खुणेत लिहिलं, ‘मी ताईकडे आहे, पत्ता देते.’ मग एंटर मारला आणि खाली पत्ता लिहिला.

तिथंच घात झाला. माझ्यातला बिंदू कुठलंही अक्षर ओळखतो, पण एंटर मारून तोडलेली ओळ त्याला ओलांडता येत नाही. त्यासाठी माझ्या शेपटाला ‘एस’ हे एक अक्षर लागतं. ते लावायचं राहून गेलं होतं. शेवटची खूण मला सापडलीच नाही आणि पत्ता जसाच्या तसा पानावर झळकला. तिचा नवरा एका बाईच्या खोट्या नावानं ते पान रोज वाचत होता.

पुढचं शिवणवालीनंच नंतर लिहिलं. दुपारी तो गाडीचा पाना घेऊन आला. कडी तुटली. ताई आडवी गेली, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मग त्यानं शिवणवालीचा उजवा हात ठेचला. ताईच्या शिलाई मशीनशेजारी इस्त्री तापत होती. तिनं ती डाव्या हातानं उचलली आणि त्याच्या तोंडावर दाबली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडत कोसळला, तेव्हा कुठे शेजारी आत आले.

बातमी कळताच धाकटीनं संध्याकाळी मला ‘एस’ जोडला आणि शिवणवालीला गुप्तपणे कळवलं, “हे माझ्यामुळे झालं, माफी मागायलाही तोंड नाही.”

इस्पितळातून उत्तर आलं, “पाना त्याच्या हातात होता, बाई. त्याचं पाप तू कशाला अंगावर घेतेस? आणखी कुणाचा पत्ता फुटू देऊ नकोस, एवढं बघ.”

माझ्यासारख्या ओळी लिहिणाऱ्यांनो, तुम्हीही तेवढं बघा. भ्यालेलं माणूस एका दमात, एका ओळीत लिहीत नाही.

पुढे खटला उभा राहिला. शिवणवालीनं सगळी हकिकत त्याच पानावर डाव्या हातानं टाइप केली, स्वतःच्या आणि नवऱ्याच्या नावानिशी. मी सवयीनं शेवटपर्यंत खूण शोधत गेले. एकही नव्हती. वकीलबाईंनी विचारलं, खूण घालायची विसरलीस का?

“नाही,” तिनं लिहिलं. “आता सगळ्यांना दिसू दे.”