जाकिटाला ऊद

दोरीवर वाळत घातलेलं जाकीट दिसलं आणि उस्मानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इस्मत! हे कुणी धुतलं?"

"भूत येऊन धुऊन गेलं," बायको आतून म्हणाली. "मीच धुतलं. नुसतं धुतलं नाय, ऊदपण घातलाय. मालकीण अरवाबाईंनी दिलेला, चांगल्यातला. आज मालकांची माणसं बघायला येणार, नि तुम्ही ते सडकं कातडं अंगावर घेऊन उभे राहणार? त्यांच्या घरात मी स्वयंपाक करते, माझी काय इज्जत राहील?"

उस्मानने कपाळाला हात लावला. आता हिला सांगायचं तरी काय!

सौदीतल्या अल खर्जच्या बाहेर, गाईंच्या मोठमोठ्या गोठ्यांच्या पलीकडे, मालकांचं खाजगी अभयारण्य होतं. श्रीवर्धनचा उस्मान तिथे गोरिलांची देखभाल करायचा. मागे दम्मामच्या बंदरात कुणा तस्कराच्या खोक्यात गोरिलाचं पिल्लू सापडलं, ते इथे आणलं. मांजराएवढा जीव. आईच्या अंगावरचे केस मुठीत धरल्याशिवाय हे पिल्लू जगत नाही, म्हणून डॉक्टर उन्मेषनी लांब केसांचं जाकीट शिवून घेतलं. ते घालून उस्मान त्या पोरीला दिवसभर पोटाशी धरून हिंडला. तिचं नाव त्यानेच ठेवलं, लाडी.

आता लाडीला बेगमच्या पदरात घालायचं होतं. बेगम ही म्हातारी, तिरसट, पिल्लू नसलेली मादी. दोघींना एकमेकींचा वास ओळखीचा व्हावा म्हणून ते जाकीट रोज संध्याकाळी बेगमच्या गवतात ठेवायचं आणि सकाळी उस्मानने घालायचं. काल नेमका तो ते अंगावरच घेऊन घरी आला, आणि इस्मतला स्वच्छतेचा झटका आला.

एरवी चाललं असतं. पण मधलं छोटं दार उघडलं की लाडी आत जायची, बेगमला हुंगायची आणि उलट्या पावली येऊन उस्मानला लटकायची. दर वेळी हेच. बेगमही कंटाळली होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आज शेवटचं. नाही जमलं तर लाडीला परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयात पाठवायचं. तिथे दुसरा गोरिला नाही. जन्मभर माणसांची तोंडं बघत एकटी राहील.

ओलसर जाकीट घालून उस्मान गोरिलाघरात शिरला. डॉक्टरांनी मास्क खाली करून नाक वर केलं.

"उस्मानभाई, कुणाच्या लग्नाला निघालात?"

"चेष्टा नको, डॉक्टरसाहेब. सकाळपासून डोकं फिरलंय. दुसरं जाकीट शिवा, शिवा म्हणून कधीचा बोंबलतोय मी!"

"उद्यावर ढकलूया का?"

"मालक घरून निघालेत. ढकला तुम्ही, नि सांगा त्यांना तुम्हीच."

डॉक्टरांनी मधलं छोटं दार उघडलं. उस्मान दारापाशी जाऊन बसला आणि त्याने लाडीची पेटी उघडली.

रोजच्यासारखी लाडीने छातीवर उडी मारली. तोंड केसांत खुपसलं. सटकन शिंकली, ओठ फाकवले आणि अशी किंचाळली की जाळी थरथरली.

"अगं मीच आहे, लाडे! ये इकडे!"

त्याने जवळ ओढलं तशी ती दोन्ही पायांनी त्याला ढकलू लागली. सुटली, भिंतीशी गेली, परत आली, परत हुंगून किंचाळली. आपला माणूस कुठे गेला ते तिला कळेना.

पलीकडे बेगम उठली. घशातल्या घशात खाकरली. छोट्या दारातून तिला येता येत नव्हतं, म्हणून तिने हातच आत घातला, पार खांद्यापर्यंत. लाडीने एकदा उस्मानकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि हात धरला. बेगमने तिला ओढून छातीशी घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

उस्मान वाट पाहत राहिला. छाती थोपटली, नेहमीसारखं चुचकारलं. बेगमच्या खांद्यावरून एक नाक वर आलं, हललं आणि पुन्हा खाली गेलं.

"झालं की हो!" डॉक्टर कुजबुजले.

"काय झालं? इतके महिने माझ्या मांडीवर हगली-मुतली, आणि एका धुरीत मी परका झालो. हे झालं."

मालकांची मंडळी आली, त्यांना बेगमची पाठ तेवढी दिसली. पिल्लू कुठेय, पिल्लू कुठेय, असं अरवाबाई पुन्हापुन्हा विचारत होत्या.

घरी इस्मत वाटच बघत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मग? माझ्या ऊदानं काम झालं ना?"

"तुझ्या ऊदानं डोंबल! बेगमला दया आली म्हणून झालं."

"हां, हां. दया. जेवा आता."

तो जेवला. ताट सारलं, उठला आणि जाकीट आणून तिच्यापुढे टाकलं.

"आता काय, आणि धुऊ?"

"धुऊ नको. सकाळी मला परत त्या दारापाशी बसायचंय."

"बरं मग?"

"मग काय मग! ती येणार परत मला शोधत. आली की बेगम सोडून देईल तिला." त्याने बायकोकडे बघायचं टाळलं. "निखारे आहेत का? घाल ऊद. जरा जास्तच घाल."