हेडसरांसाठी केक

“सर, तुम्ही आयुष्यात कधी केक खाल्लाय का?”

प्रश्न वर्गात पडला आणि डोक्यावरचा पंखासुद्धा जरा दबकून फिरायला लागला. विचारणारी होती नववीतली अक्षता. विचारायला लावणाऱ्या शीतल आणि दीपमाला मागच्या बाकावर पुस्तकात तोंड खुपसून बसल्या होत्या. हेडसर विज्ञान शिकवायचे आणि त्यांच्या तासाला शिंक आली तरी पोरं ती गिळून टाकायची. गूळ-शेंगदाण्याशिवाय त्यांच्या तोंडात काही जाताना अख्ख्या कुंभार पिंपळगावात कुणी पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत शीतल म्हणाली होती, “तू इचारून दाखव. आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन.”

मागच्या वर्षीची अक्षता असती तर हजेरी देतानाही तिचा आवाज घशात अडकला असता. पण पंधरा ऑगस्टला तिनं माइक हातात घेऊन सूत्रसंचालन केलं होतं, आणि त्या दिवसापासून तो आवाज जो सुटला होता तो घरच्यांना काही परत बांधता आला नव्हता.

हेडसरांनी खडू खाली ठेवला. “खाल्लाय. एकदा. आवडला न्हाई. आत कापूस, वर साबणाचा फेस.”

वर्ग हसायला टपलेलाच होता, हसला. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “का? तू करून राह्यली का?”

इथं “न्हाई सर” म्हणून खाली बसता आलं असतं. पण उभी राहिलेली अक्षता बसायचं विसरली. “करते सर! कापूसबी न्हाई आन् फेसबी न्हाई. मिक्स पण घरचंच. दूध-तेल घातलं की केक तयार!”

“मंग आनंदनगरीत घेऊन ये. बघू फुगतो का.”

झालं. आनंदनगरी म्हणजे शनिवारी शाळेच्या मैदानात भरणारी पोरांची खाऊगल्ली. तिथं दरवर्षी सगळे भेळच करायचे. आणि आता अख्ख्या शाळेला माहीत झालं होतं, की अक्षता हेडसरांना केक खाऊ घालणार.

घरी वंदनाबाई, म्हणजे अक्षताची आई, ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “केक कशाला? चांगल्या शंकरपाळ्या कर की.”

“शंकरपाळ्यांचा शब्द न्हाई दिला ना मी!”

पप्पा, रामकिसन, मोसंबीच्या बागेतून येऊन पाय धूत होते. “बेकरीतून आणून देतो. कुणाला काय कळतंय.”

“पप्पा!” अक्षता एवढ्या जोरात ओरडली, की दारातली कोंबडी उडाली. “मी घरचं मिक्स म्हणलं हाय. भर वर्गात!”

मग घरात केकाचं कामकाज सुरू झालं. मैदा, त्यात थोडी कणीक, पिठीसाखर, दूध पावडर, बेकिंग पावडर, सोड्याची चिमूट, मिठाचा कण. सगळं एकत्र करून चाळणीतून पुन्हा पुन्हा चाळायचं, म्हणजे पावडर पिठाच्या कणाकणात जाते. हे तिनं मोबाइलवर बघितलं होतं, पण मोसंबीची साल घालायची कल्पना तिची स्वतःची. साल आधी उन्हात कडक वाळवली, मग मिक्सरमधून काढली. पहिला केक कुकरच्या तळाला वाळू टाकून, रिंग अन् शिट्टी काढून भाजला. तो असा फुगला की पप्पांनी कुकरला नमस्कारच केला.

“या एका डब्यात तीन वस्तू हायेत,” अक्षता हातातला स्टीलचा डबा वाजवत घरभर सांगत फिरायची. “दूध-तेल घाला, केक. तूप घालून मळा, नानकटाई. पातळ करून तव्यावर टाका, गोड धिरडी. बस एकदा मिक्स करून ठेवायचं!”

शुक्रवारी संध्याकाळी तिनं मोठा डबा काठोकाठ भरला, घट्ट झाकण लावलं आणि पाटी रंगवायला दीपमालाकडे पळाली. “सकाळी फक्त कालवायचं, भाजायचं, निघायचं,” जाता जाता ती ओरडली. पण त्या मिक्सचं काय नाही करायचं, हे मात्र तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही. कशाला सांगायचं? करणारी तीच होती.

वंदनाबाईंनी डबा बघितला आणि त्यांना लेकीची दया आली. पोरीला सकाळी केवढी धावपळ! आणि पीठ तर आत्ताच भिजवायला पाहिजे. इडलीचं भिजतं, ढोकळ्याचं भिजतं, अनारशाचं तर दिवसेंदिवस मुरतं. फुगायची कुठलीही वस्तू भिजल्याशिवाय फुगत नाही, हे त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. त्यांनी अख्खा डबा पातेल्यात उपडा केला, कोमट पाणी घालून पीठ हातानं छान फेटलं, वर ताट झाकलं आणि पातेलं चुलीशेजारी उबेला ठेवलं.

शनिवारी सकाळी अक्षता गाणं म्हणतच उठली आणि फळीवर बघते तर डबा धुऊन पालथा!

“आई, माझं मिक्स?”

“भिजवलं की. बघ कसं मस्त आलंय.” वंदनाबाईंनी कौतुकानं ताट उचललं.

पातेल्यात पांढरट घोळ डुलत होता. वर चार-दोन बुडबुडे आले आणि फुटून गेले. अक्षतानं दोन्ही हात डोक्याला लावले. “अगं आई! ह्यातली पावडर पाणी लागलं की कामाला लागती गं. रातभर फुसफुस करून गेली सगळी हवा!”

“गेली म्हंजे? कुठं गेली?”

“आभाळात गेली! आन् घरातली बेकिंग पावडरबी संपली. दुकान उघडायला अजून वेळ हाय.”

वंदनाबाईंचा चेहरा पडला. “तू सांगायचं ना बाई. मला काय माहीत, केकाचं पीठ भिजवत न्हाईत. मला वाटलं, पोरीचं काम हलकं होईल.”

आता आईवर ओरडायचं की रडायचं, हे ठरवायलाही वेळ नव्हता. अक्षतानं त्यातलाच थोडा घोळ डब्यात ओतून कुकरात लावून बघितला. झाकण उघडल्यावर आत पाट निघाला. खरोखरच पाट, चौरस नसून गोल एवढाच फरक. पप्पांनी त्यावर बोटानं टकटक केलं. “ह्याच्यावर बसून जेवता येईल.”

“पप्पा, हसू नका!”

“हसत न्हाई. मजबूत हाय म्हणून राह्यलो.”

हसू नका म्हणता म्हणता अक्षतालाच हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं. शाळेत अख्खा वर्ग वाट बघत असणार. हेडसर रांगेत पहिले येणार. शीतल तर वर्षभर तिला पाटाबाई म्हणणार!

वंदनाबाईंनी बोटानं घोळ चाखला. जरा आंबूस, गोड, आणि मोसंबीचा वास. त्यांनी कढई ठेवली, तेल ओतलं आणि पिठात मूठभर कणीक घालून हातानं एक गोळा तेलात सोडला. गोळा तळाशी गेला, विचारात पडला आणि मग टुणकन वर येऊन सोनेरी व्हायला लागला.

“गुलगुले,” वंदनाबाई म्हणाल्या. “मोकळ्या हातानं जाण्यापरीस बरं.”

अक्षतानं एक उचलला, तोंड भाजून घेतलं आणि तरी दुसरा घेतला. “आई, हे लई भारी लागून राह्यले!”

मैदानात टेबलावर पाटी लागली होती. दीपमालानं रात्री झगमगती अक्षरं काढली होती, “अक्षताचा केक”. आणि पाटीखाली परातभर गुलगुले. शीतलनं परात बघितली, पाटी बघितली, मग अक्षताच्या कानाला लागली. “आगं, सरांना म्हण ह्यो देशी केक हाय. छोटा केक. त्यांनी केक एकदाच खाल्लाय, त्यांना काय वळखू येतंय!”

“वर साबण न्हाई, आत कापूस न्हाई,” दीपमाला म्हणाली. “तू म्हणल्यावानीच झालं की!”

क्षणभर अक्षताला ते पटलं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि हेडसर टेबलापुढे उभे राहिले. मागं अख्खी नववी.

“कुठंय केक?”

अक्षतानं शीतलकडे बघितलं, मग परातीकडे. मग तिनं पाटीच उलटी करून ठेवली.

“सर, केक न्हाई झाला. ह्ये गुलगुले हायेत.”

नववीतून “ओऽऽ” असा आवाज आला. कुणीतरी बोंब ठोकलीच. अक्षताचे कान तापले, पण सुटलेला आवाज पुन्हा घशात गेला नाही. “आईनं मदत म्हणून मिक्स संध्याकाळीच भिजवलं. ओल लागली, पावडरचा वायू रातीच निघून गेला. सकाळी फुगवायला काही उरलं न्हाई.”

“कोणता वायू?”

“कार्बन डायऑक्साइड, सर.”

सरांनी मान हलवली. एक गुलगुला उचलला, सगळ्या बाजूंनी तपासला आणि तोंडात टाकला. सरांनी चावला, गिळला, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. आणि मग दुसरा उचलला.

“मोसंबी हाय ह्यात.”

“हो सर. आमच्याच बागेतली.”

“चूक आईची झाली म्हणतीस.”

“हो सर.”

“आईला सांगितल्तं का, भिजवायचं न्हाई म्हणून?”

अक्षतानं तोंड उघडलं. एवढे दिवस घरभर डबा वाजवत फिरली होती, तीन वस्तूंचं गाणं गात होती. आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट होती ती सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

“न्हाई सर,” ती म्हणाली. “मीच करणार होते ना, म्हणून न्हाई सांगितलं.”

“मंग ते मिक्स कसलं? एकटीलाच वापरता येतंय ते,” सर म्हणाले आणि तिसरा गुलगुला घेऊन भेळेच्या टेबलाकडे वळले.

हे ऐकून शीतल फिदीफिदी हसली. अक्षता मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी आत्ता, उशिरा का होईना, फुगत होतं. ती टेबलाला वळसा घालून पळाली आणि सरांच्या पुढ्यात उभी राहिली. यावेळी पैज नव्हती, दप्तर नव्हतं, कुणी ढोसलंही नव्हतं. तिनं सरांना एक प्रश्न विचारला. भेळवाल्या पोरांच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू गेला नाही. सरांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

दुपारी ती रिकामी परात डोक्यावर घेऊनच घरात शिरली. मागून शीतल दोन दप्तरं ओढत आली, उंबऱ्यात टाकली आणि पळाली. वंदनाबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांना घास गेला नव्हता.

“काय म्हणले गं सर? रागावले का? माझं नाव सांगितलंस का?”

“सांगितलं.”

“अगं बाई!”

“संपले का गुलगुले?” पप्पांनी आतून विचारलं.

“एकबी न्हाई उरला. पण पप्पा, इकडं या. दोघंबी बसा. मी एक गोष्ट ठरवून आल्ये.”

पप्पा हात पुसत आले. तिचं ठरवून येणं घरात नवीन होतं आणि जरा धोक्याचंही.

“मी नवीन मिक्स करणार. ह्या वेळी दोघांना समोर बसवून सगळं सांगणार, काय घालायचं, कवा भिजवायचं, कवा बिलकुल न्हाई. आन् येत्या रविवारी हेडसर आपल्या घरी केक खायला येऊन राह्यले. मी बोलावलंय.”

“हेडसर? आपल्या घरी?” पप्पांचा हात आपोआप भिंतीवरच्या जाळ्याकडे गेला.

“अगं, मंग तू चांगला कर हां केक,” वंदनाबाई घाबरून म्हणाल्या. “पुन्हा पाट नको निघायला.”

“मी हातबी लावणार न्हाई,” अक्षतानं परात खाली ठेवली आणि रिकामा डबा आईच्या मांडीवर. “केक तू करणार, आई. सरांसमोर.”