ओटीचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याला फिरवायला नेतात ना, तो. मी कुठे विणला गेलो इथपासून गोष्ट सुरू करायला हवी, हे मला कळते. पण माझी गोष्ट खरे तर एका पत्रापासून सुरू होते. त्या पत्राला अकरा महिने उत्तर गेले नव्हते.

पिंपळे गुरवमधल्या अण्णासाहेबांच्या घरात ज्या खिळ्याला मी टांगलेला असे, त्याच्या खालीच पुस्तकांचे कपाट होते. त्यातल्या एका जाड पुस्तकात ते निळे आंतरदेशीय पत्र खूण म्हणून घातलेले होते. अण्णासाहेब रोज दुपारी पुस्तक काढत, पत्र उघडत, वाचत आणि पुन्हा त्याच पानात ठेवत. पुस्तक काही पुढे सरकत नसे.

हे सगळे मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. कारण मी मुळात नापास झालेला पट्टा आहे.

तळवड्यात एक लहानसा कारखाना होता. तिथे मोटारींच्या सीटबेल्टची पट्टी विणत. रोल तयार झाला की त्याचा एक तुकडा कापून यंत्रात अडकवत आणि तुटेपर्यंत ताणत. माझ्या रोलला त्या दिवशी लाल टॅग लागला. लाल टॅग म्हणजे रिजेक्ट. तो का लागला, हे मला आजवर कळलेले नाही. कदाचित रंग फिका निघाला असेल. कदाचित विणीत दोष असेल. कदाचित मला ताण सोसतच नसेल. का ते न सांगता कोणाला नुसते नापास केले, तर त्याला जन्मभर स्वतःबद्दल सगळ्याच शंका येत राहतात.

त्या यंत्रावर धम्मरत्न नावाचा कामगार होता. कारखान्याच्या गेटवर एक तपकिरी कुत्री येऊन बसे. पहिली शिफ्ट सुटली तरी ती हलत नसे. ओव्हरटाइमची माणसे बाहेर पडली की त्यांच्यामागून शेवटी ती निघे. कारखान्यात ओव्हरटाइमला कोणी ओव्हरटाइम म्हणत नाही, ओटी म्हणतात. म्हणून तिचेही नाव ओटी पडले. धम्मरत्नने साहेबांना विचारून भंगारात निघालेल्या रोलमधून मला कापून घेतले. एका टोकाला गळ्यात बसेल असा फास आणि दुसऱ्या टोकाला हात जाईल अशी कडी करून त्याने मला जाड दोऱ्याने शिवले आणि ओटीला घरी नेले. त्याची आई गिरजाबाई नाव ऐकून हसल्या. ओटी तर बायकांची भरतात, म्हणाल्या. पण दर रविवारी त्या मला साबणाने धुऊन उन्हात वाळत घालत. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल तर तेवढेच.

मग कारखाना बुटीबोरीला हलला, तिकडे नागपूरजवळ. धम्मरत्न आई आणि बायकोला घेऊन गेला. सामानाच्या टेम्पोत कुत्रीला जागा नव्हती. त्याच कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले अण्णासाहेब शेजारीच राहत. धम्मरत्नने माझी कडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "अण्णा, सध्या तुमच्याकडे राहू द्या."

हा 'सध्या' शब्द अण्णासाहेबांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. त्यांची पत्नी वारली होती. मुलगी रश्मी आयटी कंपनीत कामाला जाई. दिवसभर घरात ते, त्यांची पुस्तके आणि ओटी. ते वाचत बसले की ती त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपे. रश्मीने तिच्यासाठी दुकानातला लाल चकचकीत पट्टा आणला आणि मी खिळ्यावर गेलो. माझ्यावर धूळ बसली. मी काही तक्रार केली नाही. नापास वस्तूला तक्रार शोभत नाही, असे मला वाटे.

आणि मग ते पत्र आले. अण्णासाहेब फोन उचलत नाहीत, नुसते वाजणाऱ्या फोनकडे बघत बसतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून धम्मरत्नने लिहूनच पाठवले होते. अण्णासाहेब ते हळू आवाजात इतक्यांदा वाचत की माझेही पाठ झाले.

'आम्ही सगळे बरे आहोत. क्वार्टर मिळाले आहे. फक्त ओटी नाही. इतक्या वर्षांची सवय, आता तिच्यावाचून घरात ओढाताण होते. आई रोज तेच म्हणते. यशवंतराव महिनाअखेरीस तिकडे येणार आहेत. तुम्ही त्यांच्याशी बोललात तर ओटीचे जमेल. सांगायला संकोच वाटतो, पण तुमच्याशिवाय कोणाला सांगू? उत्तराची वाट पाहतो.'

यशवंतराव म्हणजे कारखान्याचे साहेब. त्यांच्या गाडीतून कुत्री पाठवून द्या, असेच अण्णासाहेब समजले. मीही तसेच समजलो. महिनाअखेरीस एका दुपारी दारावरची बेल दोनदा वाजली. अण्णासाहेब पलंगाच्या कडेला बसून राहिले. ओटीने भुंकू नये म्हणून त्यांनी तिचे तोंड दोन्ही हातांत हलकेच धरले होते. जिन्यावरची पावले खाली उतरून गेली, तरी बराच वेळ ते हात सुटले नाहीत.

अकरा महिन्यांनी रश्मीने कपाट आवरताना पत्र पाहिले. तिने ते उभ्याउभ्या वाचले. मग जमिनीवर बसून पुन्हा वाचले.

"अण्णा, माणूस आपली कुत्री मागतोय, आणि तुम्ही त्याच्या पत्राची खूण केलीत?"

तिने धम्मरत्नचा जुना नंबर लावला. तो बंद होता. क्वार्टरचा पत्ता मात्र पत्रावर होता. संध्याकाळी अण्णासाहेब स्वतःच म्हणाले, की उत्तर लिहायचे धाडस आता होत नाही, ओटीला नेऊनच देतो. रश्मीने तीन दिवस रजा टाकली.

निघण्याआधी अण्णासाहेबांनी कुत्र्यांच्या प्रवासाविषयी मिळेल ते वाचून काढले. प्रवासाआधी खायला किती तास देऊ नये, पाणी कधी पाजावे, कुठे थांबावे, सगळे कागदावर उतरवले. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर टायर फुटतात, अशी बातमीही त्यांनी कापून ठेवली होती. रश्मी म्हणाली, "एवढ्या तयारीत अकरा पत्रं लिहून झाली असती." शेवटी नवा पट्टा त्यांना पुरेसा मजबूत वाटेना आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मी नापास आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गाडीच्या मागच्या सीटवर त्यांनी मला तिथल्या सीटबेल्टला बांधले. तो काळाभोर, गुळगुळीत, पास झालेला. त्याच्याशी गाठ पडल्यावर मी अगदी अंग चोरून राहिलो.

चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा दोन्ही बाजूंनी कंटेनर चालले होते. त्यांची चाके आमच्या खिडकीएवढी उंच होती. प्रत्येक हॉर्नबरोबर ओटी अण्णासाहेबांच्या मांडीत शिरायला बघे आणि मला हिसका बसे. ती धापा टाकत होती, तिच्या तोंडाला फेस येत होता. अहिल्यानगरच्या अलीकडे तिला उलटी झाली. अण्णासाहेबांनी आपल्या धोतराने तिचे तोंड पुसले. ते तिला सारखे सांगत होते, की आता थोडेच राहिले. खरे तर सहाशे किलोमीटर राहिले होते. आणि प्रत्येक किलोमीटर त्यांना धम्मरत्नच्या दाराशी नेत होता. ओटीची भीती वेगळी होती, त्यांची वेगळी. मी दोघांच्या मध्ये होतो, म्हणून मला दोन्ही कळत होत्या.

रात्री जालन्याला रश्मीच्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धी महामार्गाला लागलो. तो रस्ता मी कधी विसरणार नाही. दुकान नाही, सावली नाही, माणूस नाही. नुसता पांढरा रस्ता आणि बाजूने सूं करून जाणाऱ्या गाड्या. दहाच्या सुमारास गाडीखालून फटफट आवाज आला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. रश्मीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ती कशीबशी कडेला घेतली. मागचा टायर बसला होता.

रश्मी म्हणाली, गाडीत बसून राहणे धोक्याचे आहे, सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभे राहायचे. अण्णासाहेबांनी मला सीटबेल्टपासून सोडवले, माझी कडी मनगटात घातली आणि वर दोन वेढे दिले. ते दार उघडून खाली उतरले, तेवढ्यात एक ट्रेलर कर्कश हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. ओटी बिथरली. ती कठड्याकडे न जाता रस्त्याकडे धावली.

मी ताणला गेलो. लहानपणी यंत्रात माझ्या भावंडांना ताणले होते तसा. अण्णासाहेब गुडघ्यांवर पडले आणि खडीवरून फरफटत पुढे गेले. पांढऱ्या रेघेपलीकडे ओटीचे पुढचे पाय होते आणि मागून दुसरा ट्रक येत होता. धम्मरत्नने घातलेला एक टाका तुटला. मग दुसरा. मी मनात म्हटले, आता कळणार, मला लाल टॅग का लागला होता.

मी तुटलो नाही. का तुटलो नाही, तेही मला ठाऊक नाही. रश्मीने झेप घेऊन ओटीच्या पोटाखाली हात घातला आणि तिला मागे ओढले. ट्रक निघून गेला. वाऱ्याने अण्णासाहेबांची टोपी उडून पलीकडच्या बाजूला गेली, ती आणायला कोणी गेले नाही.

कठड्याच्या आड बसल्यावर अण्णासाहेबांच्या मनगटावर माझे वळ उठलेले दिसले. ते म्हणाले, "हिला काही झालं असतं, तर धम्मरत्नला मी काय सांगितलं असतं?"

रश्मी रडत होती, तरी म्हणाली, "काही नाही. पुस्तकात ठेवून दिलं असतं."

मदतीची गाडी येऊन टायर बदलायला दीड तास गेला. त्या दीड तासात माझी कडी त्यांनी मनगटातून काढली नाही.

बुटीबोरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. क्वार्टरच्या दारात गिरजाबाई पालेभाजी निवडत बसल्या होत्या. धम्मरत्न नुकताच पहिल्या शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होता. ओटी क्षणभर थबकली आणि नाक वर करून अशी ओरडली की मी कधी तसे ऐकले नव्हते. अण्णासाहेबांनी मला सोडून दिले. माझे टोक धुळीतून घसरत गेले. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

धम्मरत्न तिला कुरवाळत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. आत या, बसा, हे सगळे झाल्यावर त्याने विचारले, "अण्णा, एवढ्या लांब हिला कशाला आणलीत?"

"तूच लिहिलं होतंस," अण्णासाहेब खाली बघत म्हणाले. "ओटी नाही म्हणून. मला उशीर झाला. फार उशीर झाला. घे तुझी तू."

त्यांनी पत्र पुढे केले. धम्मरत्नने ते वाचले. उलटून पुन्हा वाचले. गिरजाबाईंना मात्र आधी उमगले आणि त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अवो अण्णा, त्यानं कंपनीतल्या ओटीचं लिव्हलं व्हतं. कुत्री न्हाई मागितली."

रश्मीही हसली. अण्णासाहेब हसले नाहीत.

धम्मरत्न सांगू लागला. बुटीबोरीला आल्यापासून त्याला ओव्हरटाइम मिळत नव्हता. यशवंतराव पूर्वी अण्णासाहेबांच्या हाताखाली स्टोअरमध्ये शिकलेले. अण्णांनी एक शब्द टाकला असता तर यादीत नाव आले असते. ते जमेना, तेव्हा त्याची बायको भाग्यश्री एका पॅकिंगच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला जाऊ लागली. हा घरी येतो तेव्हा ती निघालेली असते. दोघांची गाठ रविवारीच.

"तुमचं उत्तर आलं नाही," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, माझं मागणं अण्णांना आवडलं नाही. मग मी परत कोणाकडे काही मागितलं नाही."

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते.

क्वार्टरमध्ये कुत्री ठेवू देत नाहीत. तेव्हा ओटी तुमचीच, असे त्याने सांगितले आणि निघताना माझी कडी पुन्हा अण्णासाहेबांच्या हातात दिली. तुटलेले दोन टाके त्याने नव्या दोऱ्याने घातले होते. या वेळी तो 'सध्या' म्हणाला नाही. अकरा महिने ज्या भीतीने अण्णासाहेबांना झोप नव्हती, ती भीती संपली होती. पण परतीच्या सगळ्या वाटेवर त्यांचा हात माझ्यावर गारच होता. स्वतःचे काही जाईल म्हणून घाबरता घाबरता आपण दुसऱ्याचे काय घालवले, ते आता त्यांना दिसत होते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यशवंतरावांना फोन केला. त्याआधी ते मला हाताला गुंडाळून गॅलरीपर्यंत चार वेळा गेले आणि आले. धम्मरत्नच्या ओव्हरटाइमचे त्यांनी एका दमात सांगून टाकले. यशवंतराव म्हणाले, की एवढेच ना, पुढच्या महिन्यापासून नाव घालतो. मग म्हणाले, "तेव्हा तुम्हाला भेटायला आलो होतो, अण्णा. दार उघडलं नाहीत." अण्णासाहेबांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले. मग ते म्हणाले, "घरातच होतो. चुकलो."

त्यानंतर ते उत्तर लिहायला बसले. सहा कागद फाडले. सातवा असा होता:

'प्रिय धम्मरत्न, यशवंतरावांशी बोललो. पुढच्या महिन्यापासून तुला ओटी मिळेल. म्हणजे ओव्हरटाइम. भाग्यश्रीला सांग. उत्तराला उशीर झाला, कारण मी भ्यालो. तुझ्यावर रागावलो नव्हतो, कधीच नाही. तुझा, अण्णा.'

मित्रांनो, मी जुना पट्टा, मी तुम्हाला काय शिकवणार? पण मला एवढे कळले आहे की वस्तूला काय, प्राण्याला काय आणि माणसाला काय, धरून ठेवावे लागते. आणि माणूस नुसत्या मायेने धरून ठेवता येत नाही, त्याला उत्तरही द्यावे लागते. तुमची वाट पाहणारे कोणी असेल, तर भीती वाटली तरी दोन ओळी लिहा.

संध्याकाळी आम्ही तिघे पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. अण्णासाहेबांनी पत्र फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले. पत्ता बरोबर लिहिला का, 'प्रिय' लिहायला हवे होते का, 'भ्यालो' हा शब्द जरा जास्तच तर झाला नाही ना, असे काहीबाही ते पुटपुटत होते. ओटी कंटाळून खाली बसली आणि मी थोडासा ताणला गेलो. त्यांचा हात हलला. पत्र आत पडले.